किरणं मोजायची की अणू?

मागच्या अंकात अणुकचरा काचेत बंदिस्त करण्याबद्दल लिहिलं होतं. 'टाकीतल्या द्रवात कुठला धातू किती उरलाय, ते इलेक्ट्रोडनेही कळतं' हे त्यातलं एक वाक्य वाचकांनी नेमकं पकडलं. निम्मी पत्रं त्यावरच आहेत. नोकरीची सगळी वर्षं ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे रबरी मोजे बसवलेल्या बंद पेटीत, हात घालून मी हेच केलं. त्यामुळे या विषयावर मला बोलतं करणं सोपं, गप्प करणं अवघड. संपादकांनी या वेळी जागा वाढवून दिली आहे, तिचा मी पुरेपूर फायदा घेणार.

प्रश्न : किरणोत्सारी पदार्थ स्वतःहूनच किरणं सोडतात. गायगर काउंटर जवळ धरला की टिकटिक सुरू होते. मग यूरेनियम-प्लुटोनियम शोधायला द्रावणात इलेक्ट्रोड बुडवून वीज मोजण्याचा खटाटोप कशासाठी? (एक निवृत्त विद्युत अभियंता)

उत्तर : काउंटरची टिकटिक तिथे असलेल्या अणूंची नसते, त्या घटकेला फुटलेल्या अणूंची असते. एखाद्या गावात महिन्याला किती मयतं होतात त्यावरून गावची वस्ती काढावी, तसा हा हिशोब. माणसं अल्पायुषी असली तर आकडा लगेच हाती येतो. शंभरी गाठणारी असली तर नोंदवही उघडून बसून राहायचं.

सीझियम-१३७ घ्या. अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षं. त्याच्या एका नॅनोग्रॅमात, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात, सेकंदाला ३,२०० च्या आसपास विघटनं होतात, आणि सोबत ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा खणखणीत गॅमा किरण मिळतो. इथे इलेक्ट्रोड काढणारा माणूस वेळ फुकट घालवतोय. शिवाय साध्या इलेक्ट्रोडवर सीझियम उतरवायला इतकं ऋण व्होल्टेज लागतं, की त्याच्या आधी पाणीच फुटून हायड्रोजनचे बुडबुडे यायला लागतात.

आता यूरेनियम-२३८ बघा. अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षं. त्याचा पूर्ण एक मायक्रोग्रॅम घेतला, म्हणजे सीझियमच्या हजारपट, तरी विघटन होतं ८० सेकंदांत जेमतेम एक. त्याच मायक्रोग्रॅमात अणू मात्र पंचवीस कोटी कोटी आहेत. इलेक्ट्रोडपाशी आलेला अणू इलेक्ट्रॉन घेतो किंवा देतो. तो फुटेपर्यंत थांबायचं कारणच नाही.

प्लुटोनियम-२३९ या दोघांच्या मधलं. अर्धायुकाल २४,११० वर्षं. एका मायक्रोग्रॅमात सेकंदाला २,३०० च्या आसपास विघटनं, म्हणजे मोजायला भरपूर. पण त्यातून निघतात ते मुख्यतः अल्फा कण, आणि अल्फा कण पाण्यात मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकंही अंतर कापत नाही. बाटलीबाहेर काउंटर धरलात तर त्याला तो दिसणारच नाही. म्हणून अल्फा मोजणारे आधी प्लुटोनियम बाकी सगळ्यांपासून रासायनिक रीतीने वेगळं काढतात, स्टीलच्या चकतीवर त्याचा अतिशय पातळ थर चढवतात आणि ती चकती निर्वात डब्यात शोधकासमोर ठेवतात. हा थर बहुतेक वेळा विजेनेच चढवलेला असतो. काउंटरवाल्यांनाही शेवटी आमचं दार ठोठवावं लागतं, हे मी त्यांना जमेल तेव्हा ऐकवत असे.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. काउंटर फक्त सांगतो की प्लुटोनियम आहे. ते कुठल्या रूपात आहे, हे त्याला कळत नाही. प्लुटोनियम पाण्यात तीन, चार, पाच आणि सहा अशा ऑक्सिडीकरण अवस्थांत (म्हणजे अणूने तितके इलेक्ट्रॉन गमावलेले) राहू शकतं, आणि चारही अवस्था एकाच भांड्यात नांदू शकतात. वापरलेल्या इंधनातून यूरेनियम आणि प्लुटोनियम परत मिळवण्याच्या प्युरेक्स पद्धतीत चार अवस्थेतलं प्लुटोनियम ट्रायब्युटाइल फॉस्फेट या सेंद्रिय द्रवात उतरतं, तीनमधलं नायट्रिक आम्लात मागे राहतं. नको त्या वेळी तीनमधलं वाढलं, तर मौल्यवान प्लुटोनियम कचऱ्याच्या टाकीत जातं. जमिनीतही अवस्थेवरच सगळं ठरतं. चारमधलं बहुतेक मातीला-खडकाला चिकटून बसतं, पाचमधलं भूजलाबरोबर चालू लागतं. इलेक्ट्रोडला हा भेद दिसतो. तीन आणि चार यांच्यात फक्त एका इलेक्ट्रॉनचं अंतर आहे, त्यामुळे ती देवघेव झटपट होते आणि व्होल्टेज सरकवत करंट नोंदवला की आलेखावर नीट, टोकदार शिखर उमटतं. चारवरून सहावर जायला अणूला दोन ऑक्सिजन धरावे लागतात. ते काम रेंगाळतं, आणि शिखरही पसरट येतं.

तुम्ही विजेचे माणूस म्हणून एक गोष्ट खास तुमच्यासाठी. नमुन्यात प्लुटोनियम मिलिग्रॅमभर असेल तर कूलोमेट्री वापरतात. आधी सगळं प्लुटोनियम तीन अवस्थेत आणायचं, मग व्होल्टेज बांधून ठेवून सगळं चारमध्ये न्यायचं आणि दरम्यान किती विद्युतभार वाहिला ते मोजायचं. एका मोलला, म्हणजे २३९ ग्रॅम प्लुटोनियमला, ९६,४८५ कूलंब, म्हणून एका मिलिग्रॅमला सुमारे ०.४ कूलंब. फॅरडेचा नियम आणि एक चांगलं घड्याळ, बस्स! यात विघ्न आणतं ते लोखंड. गंधकाम्लात लोखंडाचं व्होल्टेज प्लुटोनियमच्या अगदी शेजारी येतं, आणि लोखंड कचऱ्यात असतंच, कारण टाक्या आणि नळ्या स्टीलच्या. किती नमुने मी प्लुटोनियमसाठी घेतले आणि आधी लोखंडाशी झगडत बसले!

इलेक्ट्रोडची मर्यादाही सांगते. त्याला समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, ओळखता येत नाहीत. प्लुटोनियम-२३९ आणि २४० त्याच्या लेखी एकच. तो वाद सोडवायला अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारा वस्तुमान वर्णपटमापी लागतो.

प्रश्न : कॉलेजात तांब्याचं विलेपन केलं. यूरेनियमही तसंच इलेक्ट्रोडवर बसवून, मग काढून मोजता येतं का? (बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी)

उत्तर : तू सांगतोस ती 'स्ट्रिपिंग' पद्धत शिसं, कॅडमियम, तांबं यांच्यासाठी उत्तम. काही मिनिटं धातू इलेक्ट्रोडवर गोळा करायचा, मग व्होल्टेज उलट दिशेने सरकवत तो पुन्हा द्रावणात सोडायचा. गोळा करायला मिनिटं लागतात, सुटायला काही सेकंद पुरतात. म्हणून विरळ द्रावणातही करंट ठळक येतो. यूरेनियम मात्र पाण्यातून धातुरूपात उतरत नाही. पाणी त्याआधीच हार मानतं.

त्यावरचा उपाय मला अजूनही चतुर वाटतो. यूरेनियमला धातू व्हायला सांगायचंच नाही. पाण्यात ते युरॅनिल आयनाच्या रूपात असतं, मध्ये यूरेनियम आणि दोन टोकांना ऑक्सिजन. द्रावणात क्युपफेरॉन किंवा क्लोरअनिलिक आम्लासारखा एखादा सेंद्रिय पदार्थ चिमूटभर घालायचा. तो युरॅनिलला धरून ठेवतो, आणि तयार झालेलं संयुग इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर नुसतं चिकटून बसतं. मग व्होल्टेज ऋण दिशेला नेलं की त्या चिकटलेल्या थराचं क्षपण होतं, म्हणजे तो इलेक्ट्रॉन घेतो, आणि शिखर मिळतं. याला अधिशोषी स्ट्रिपिंग म्हणतात. लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहून कमी यूरेनियम यात पकडता येतं.

प्रत्यक्षात कसं चालतं ते ऐक. दहा मिलिलिटरचं भांडं, त्यात तीन इलेक्ट्रोड आणि बोटाच्या पेराएवढा चुंबकी ढवळणा. आधी नायट्रोजन बुडबुडवत ठेवायचा, कारण हवेतला विरघळलेला ऑक्सिजन स्वतःच इलेक्ट्रॉन खातो आणि आलेखाची वाट लावतो. मग ढवळत ढवळत मिनिटभर गोळा करायचं. ढवळणं बंद. दहा-पंधरा सेकंद द्रावण शांत होऊ द्यायचं. ही उसंत नवशिके हमखास चुकवतात आणि मग यंत्राला दोष देतात. त्यानंतर व्होल्टेजची धाव. हे सगळं रबरी हातमोज्यांतून करायचं. ग्लोव्हबॉक्सच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, गळती झालीच तर हवा आत जावी म्हणून. त्यामुळे मोजे सदैव आतल्या बाजूला फुगून ताणलेले, आणि पिपेटचं बटण दाबताना अंगठा थरथरतो. ढवळणा खाली पडला तर चिमट्याने उचलण्यात सकाळ जाते.

शिखराच्या उंचीवरून थेट आकडा काढायचा नाही. कचऱ्यातले मीठ, फॉस्फेट, सेंद्रिय पदार्थ यांमुळे तीच मात्रा कधी ठेंगणी दिसते, कधी उंच. म्हणून माहीत असलेलं यूरेनियम त्याच भांड्यात घालून पुन्हा मोजायचं. समजा, पहिलं शिखर ४० नॅनोअँपिअरचं आलं. एक मायक्रोग्रॅम घातल्यावर ते ६० झालं. म्हणजे त्या गर्दीत एका मायक्रोग्रॅमचं मोल २० आहे, आणि मुळात दोन मायक्रोग्रॅम होतं. हा हिशोब पाचवीतल्या मुलालाही येईल, पण यानेच आमची लाज राखली.

प्रश्न : या पद्धतीत पाऱ्याचा थेंब वापरतात असं वाचलं. अणुकचऱ्यात आणखी पारा? (एक शिक्षिका)

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. १९२२ मध्ये प्रागला यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी टपकणाऱ्या पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर ही सगळी विद्या उभी केली आणि १९५९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पाऱ्याचे दोन गुण जबरदस्त. प्रत्येक थेंब नवा कोरा, आणि त्यावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही, म्हणून बरंच ऋण व्होल्टेज वापरता येतं. पण प्लुटोनियम लागलेला पारा हा विषारीही आणि किरणोत्सारीही कचरा. तो काचेच्या भट्टीत घालावा तर वाफ होऊन निघून जातो. २००० मध्ये जोसेफ वांग यांच्या गटाने बिस्मथचा पातळ थर चढवलेला इलेक्ट्रोड पुढे आणला. पाऱ्याच्या बऱ्याच गुणांच्या जवळ जाणारा आणि विषारीपणात कितीतरी सौम्य. आता छापील पट्टीवरचे, एकदा वापरून टाकायचे इलेक्ट्रोडही मिळतात, त्यांना द्रावणाचा एक थेंब पुरतो. मला विचाराल तर पाऱ्याच्या शिखराची सर बिस्मथला येत नाही, पण पाऱ्याची बाटली पुन्हा ग्लोव्हबॉक्समध्ये नेईन असंही नाही.

प्रश्न : एवढ्या किरणोत्सारात यंत्रं टिकतात कशी? आणि माणसं? (नाव दिलेलं नाही)

उत्तर : माणसांचं आधी. तीव्र कचरा हॉट सेलमध्ये, जाड शिशाच्या काचेमागे, यांत्रिक हातांनी हाताळतात. तिथेच नमुना हजारपट किंवा त्याहून जास्त पातळ करायचा आणि त्यातला एवढासा भाग बाहेर काढायचा. संवेदनशील पद्धतीची खरी किंमत इथे कळते. कमी नमुन्यात भागलं की हातांना किरणांची मात्रा कमी लागते आणि मोजून झाल्यावर उरणारा कचराही कमी. विश्लेषण करताना नवा कचरा तयार होतो, ही गोष्ट बाहेरच्या लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

यंत्रांचं म्हणाल, तर इलेक्ट्रॉनिक्स लांब केबलने बाहेर ठेवता येतं. भांड्याचं काय? रसायनशाळेत टेफ्लॉन म्हणजे अजिंक्य. आम्लं त्याला काही करत नाहीत. पण किरणांपुढे टेफ्लॉन सर्वांत लवकर नांगी टाकणाऱ्या प्लॅस्टिकांपैकी एक आहे. ठिसूळ होतं आणि त्याचे तुकडे पडतात. म्हणून इलेक्ट्रोडचं आवरण 'पीक' (PEEK) नावाच्या दणकट प्लॅस्टिकचं घेतात. द्रावणही स्वस्थ बसत नाही. किरणांमुळे पाण्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नायट्रिक आम्लातून नायट्रस आम्ल तयार होतं. ही दोन्ही इलेक्ट्रोडवर स्वतःची शिखरं उठवतात आणि प्लुटोनियमची अवस्थाही बदलतात. नायट्रस आम्ल मारायला सल्फॅमिक आम्ल घालतात. तरीही सकाळी घेतलेला नमुना संध्याकाळी तोच असेल, या भरवशावर राहू नये.

प्रश्न : कचरा तो कचरा. पुरून टाकायचाच आहे, तर त्यातले अंश मोजून काय साधतं? (एक संतप्त वाचक)

उत्तर : कुठे पुरायचा, हेच त्या अंशांवर ठरतं. अमेरिकेतला नियम घ्या. कचऱ्याच्या एका ग्रॅममध्ये यूरेनियमच्या पलीकडच्या, २० वर्षांहून जास्त अर्धायुकालाच्या अल्फा मूलद्रव्यांची किरणोत्सारी क्रिया १०० नॅनोक्युरीपेक्षा (सेकंदाला ३,७०० विघटनांपेक्षा) जास्त असेल तर तो वेगळ्या वर्गात जातो. लष्करी कामातला असेल तर त्याला न्यू मेक्सिकोत जमिनीखाली सुमारे ६५५ मीटरवर मिठाच्या थरात नेतात. शुद्ध प्लुटोनियम-२३९ असेल तर १०० नॅनोक्युरी म्हणजे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम. ग्रॅममागे तेवढ्या कणाने पिंपाचा पत्ता बदलतो. पिंपं अर्थात बाहेरूनच न्यूट्रॉन आणि गॅमा मोजून तपासतात. इलेक्ट्रोडचं राज्य द्रवात आहे.

द्रवाचं सर्वांत नाठाळ उदाहरण म्हणजे वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड. तिथे जमिनीखालच्या १७७ टाक्यांत सुमारे २१ कोटी लिटर कचरा आहे, आणि काही टाक्या गळालेल्या आहेत. त्यात टेक्नेशियम-९९ आहे, अर्धायुकाल २ लाख ११ हजार वर्षं. हे फक्त मवाळ बीटा सोडतं, म्हणून टाकीबाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. पाण्यात ते परटेक्नेटेट या ऋण आयनाच्या रूपात असतं. मातीचे कणही बहुधा ऋणच, म्हणून ते कुठेही न अडकता भूजलाबरोबर वाहतं. आणि काच बनवायच्या भट्टीत घातलं की त्यातलं बरंचसं बाष्प होऊन वर उडतं. म्हणजे जमिनीत थांबत नाही आणि भट्टीतही थांबत नाही. अशा पाहुण्याचा माग काढत राहावाच लागतो.

त्यासाठी सिनसिनाटी विद्यापीठात विल्यम हाइनमन यांच्या गटाने एक सुरेख संवेदक विकसित केला. पारदर्शक इलेक्ट्रोडवर एक पातळ पॉलिमरचा थर, त्यात योग्य भाराचे आयनच शिरतात. मग ठराविक व्होल्टेज देऊन त्यांची अवस्था आलटून पालटून बदलायची. आणि त्या बदलाबरोबर होणारा प्रकाशातला फरक ठराविक तरंगलांबीवर मोजायचा. तिन्ही चाळण्यांतून पार पडेल तोच मोजला जातो. टाकीत सोडियम नायट्रेट आणि नायट्राइट इतकं ठासून भरलेलं असतं की एका चाळणीवर भागतच नाही.

प्रश्न : वितळलेल्या मिठातही असं मोजतात म्हणे? (एक वाचक)

उत्तर : हो. लिथियम आणि पोटॅशियम क्लोराइडच्या मिश्रणात, सुमारे ५०० अंश सेल्सियसला, वापरलेलं धातुरूप इंधन शुद्ध करतात. अमेरिकेत आयडाहोमध्ये १९९६ पासून ईबीआर-२ या अणुभट्टीचं इंधन असं हाताळलं जातं. तिथे पाणीच नाही, त्यामुळे यूरेनियम खुशाल धातू होऊन कॅथोडवर बसतं, आणि प्लुटोनियम त्याहून ऋण व्होल्टेजला उतरतं. नमुना बाहेर न काढता जागच्या जागी मोजता येतं, हा मोठा फायदा. अडचण अगदी साधी आहे. मिठाची पातळी वरखाली झाली की इलेक्ट्रोड किती बुडालाय ते बदलतं, आणि बुडालेलं क्षेत्रफळ नक्की माहीत नसेल तर करंटला अर्थ नाही. त्यावर अनेक युक्त्या आहेत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

प्रश्न : पिण्याच्या पाण्यात यूरेनियम किंवा प्लुटोनियम आहे का, हे बघायला पेनासारखं उपकरण घरी वापरता येईल का? (बऱ्याच जणांनी विचारलं)

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या यूरेनियमसाठी मार्गदर्शक मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, आणि तीही किरणोत्सारापेक्षा मूत्रपिंडांना होणाऱ्या रासायनिक अपायामुळे. इलेक्ट्रोडच्या आवाक्यात ही मात्रा आरामात येते. पण नायट्रोजन, ब्लँक (यूरेनियम नसलेल्या पाण्याची मोजणी), उसंत आणि ज्ञात मात्रा घालून पुन्हा मोजणं, यांतलं काहीच पेनात मावत नाही. प्लुटोनियमची गोष्टच निराळी. संघटनेची पातळी लिटरला १ बेकरेल (सेकंदाला एक विघटन), म्हणजे प्लुटोनियम-२३९ असेल तर ०.४ नॅनोग्रॅमच्या जवळपास. तिथे माझा लाडका इलेक्ट्रोड कमी पडतो. अल्फा मोजणी किंवा वस्तुमान वर्णपटमापी हवा.

शंका असेल तर पाणी प्रयोगशाळेत द्या. बाटली काचेची नको, स्वच्छ प्लॅस्टिकची घ्या, आणि नमुना घेतल्याबरोबर त्यात किती नायट्रिक आम्ल घालायचं ते प्रयोगशाळेलाच आधी विचारा, किंवा आम्ल घातलेली बाटली त्यांच्याकडूनच मागवा. आम्लाशिवाय ठेवलं तर यूरेनियमचे अंश बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवालात आकडा कमी येतो.